पस्तीस मशीनींची तारीख

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब टेक्निशियन आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर एका दारावर ‘कम्पायलर प्रयोगशाळा’ अशी पितळी पाटी आहे. पाटी दर सोमवारी चिंच लावून घासली जाते. आत छत्तीस कम्प्युटर आहेत. ज्या आठवड्याचं मी सांगते आहे, त्या आठवड्याच्या सोमवारी यातल्या एकाही कम्प्युटरवर कम्पायलर नव्हता.

कम्पायलर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला जसाच्या तसा कळत नाही. तो मशीनला कळेल अशा रूपात आणून देणारा एक वेगळा प्रोग्रॅम लागतो, तो कम्पायलर. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कंत्राटदाराने येऊन सगळ्या मशीन पुसून नव्याने चालू करून दिल्या होत्या आणि त्या पुसण्यात कम्पायलरही पुसला गेला होता. त्यानंतर एक अख्खं सत्र मुलांनी सीनियरच्या जर्नलमधून प्रॅक्टिकल उतरवून काढलं. कोणाची तक्रार आली नाही. मशीनला हातच लावला नाही, तर आउटपुट कधी चुकत नाही.

मी डिप्लोमावाली. बाबा सावनेरकडच्या कोळसाखाणीत पंप चालवायचे. खाणीत पाणी चढायला लागलं की पंप काहून बंद पडला यावर चर्चा करत बसता येत नाही, म्हणून आमच्या घरी बंद पडलेल्या वस्तूत आधी हात घालतात आणि मग विचार करतात. या पद्धतीने आमचे दोन मिक्सर आणि एक टीव्ही गेला. पण नोकरीत हाच गुण माझ्या कामी आला, कारण विभागातले बाकीचे लोक आधी विचार करतात आणि हात घालायची वेळ आली की मला बोलावतात.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांनी सोमवारी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. सर पन्नाशीचे, विद्यापीठाचे सुवर्णपदकवाले, शर्टाच्या खिशात दोन पेन. कम्पायलर हा विषय ते अठरा वर्षं शिकवत आले आहेत, एकाच वहीतून. ती वही आता हातात घेतली की पापडासारखी वाजते.

“मॅडम, गुरुवारी तपासणी समिती येऊन राहिली,” सर म्हणाले. “आपण अहवालात लिहिलं आहे की आपला प्रत्येक विद्यार्थी सॉफ्टवेअर सोर्सपासून कम्पाइल करतो.”

“करतो का, सर?”

“गुरुवारी करेल.”

त्यांनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. त्यांच्या मित्राने दुसऱ्या कॉलेजातून एक फुकटचं सॉफ्टवेअर पाठवलं होतं. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे कम्पायलर कसे तुकडे पाडतो, हे ते चित्र काढून दाखवतं. तयार सॉफ्टवेअर आमच्या जुन्या मशीनवर उघडत नव्हतं. त्यामुळे त्याचा मूळ लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, घ्यायचा आणि आपल्या मशीनवर आपणच कम्पाइल करायचा, असा बेत होता.

“आणि मी त्यात थोडी सुधारणा केली आहे,” सर म्हणाले. “सुरुवातीच्या स्क्रीनवर विभागाचं नाव येईल. आणि, म्हणजे, माझं.”

मी बरं म्हटलं. सरांनी कोडमध्ये हात घातला होता, ही गोष्ट मी तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवी होती.

लॅबमध्ये गेले. एक नंबरच्या मशीनवर पेनड्राइव्ह लावला, आज्ञा दिली. मशीनने पहिल्याच दमात सांगितलं की कम्पायलर सापडत नाही. मी पाटीकडे पाहिलं. पाटी चमकत होती. कम्पायलर इंटरनेटवरून उतरवायचा, तर रस्त्याच्या खोदकामात लॅबची केबल तुटलेली. शेवटी घरी जाऊन मी माझ्या फोनवर सगळं उतरवलं. कम्पायलर मागितला तर त्याला दुसरं काहीतरी लागायचं, त्या दुसऱ्याला तिसरं. लग्नाला एकाला बोलवावं आणि तो साळ्यासकट, साळ्याच्या साडूसकट यावा, तसं सतरा पाकिटांचं वऱ्हाड माझ्या पेनड्राइव्हवर जमलं. मंगळवारी सकाळी ते सगळं छत्तीस मशीनींवर चढवून झालं, तेव्हा पाटी प्रथमच खरी ठरली.

आता एक नंबरवर परत आज्ञा दिली. मशीनने थोडं काम केलं आणि ती थांबली. ‘सेपरेटर नाही’, एवढंच म्हणाली. कुठला सेपरेटर, का नाही, काही नाही. कम्पायलरचे एरर मी तोवर फारसे पाहिले नव्हते. हे कळायला मला तास लागला. कोडसोबत एक फाइल असते, तिच्यात कामाची यादी असते: आधी हे करा, मग ते करा. त्या यादीतली करायची प्रत्येक ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅब म्हणजे कीबोर्डवरची ती लांब उडी. त्या जागी कोणी आठ मोकळ्या जागा दिल्या तर डोळ्यांना अगदी सारखं दिसतं, पण मशीन ते मानत नाही. सरांनी ही फाइल कागदावर छापली होती, त्यांना ओळी वेड्यावाकड्या वाटल्या, म्हणून बसून एकेक टॅब काढून त्यांनी मोकळ्या जागा टाकल्या. बत्तीस ओळी. मी बत्तीस टॅब परत टाकले.

पुढचा एरर आला. ओळीचा नंबर होता: एकशे एक्केचाळीस. ‘प्रोग्रॅममध्ये भटकं अक्षर’, असं म्हणणं होतं त्याचं. मी ती ओळ उघडली. तिच्यात सरांचं नाव होतं.

बाकी अख्ख्या कोडमध्ये कुठे काही भटकं नव्हतं. सरांनी ती ओळ पत्र लिहायच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केली होती, आणि तो प्रोग्रॅम अवतरणचिन्हं आपोआप वाकडी, गोल, सुबक करतो. कम्पायलरला साधी, सरळ, दोन काड्यांसारखी लागतात. कारण समजलं होतं. आता ते सरांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. न सांगता दुरुस्त करता आलं असतं, पण सरांनी ताकीद दिली होती की त्यांचं नाव असलेल्या ओळीत बदल करण्याआधी विचारायचं.

मी केबिनमध्ये गेले. “सर, एकशे एक्केचाळिसाव्या ओळीत अडचण आहे. तुमचं नाव आहे तिथे.”

“स्पेलिंग चुकलं का?”

“नाही सर. त्याला चालत नाहीये.”

“माझं नाव चालत नाही?”

“नाव चालतं. दोन्ही बाजूची अवतरणचिन्हं चालत नाहीत.”

“मग काढून टाका ना ती.”

“काढली तर त्याला वाटेल तुमचं नाव म्हणजे एक आज्ञा आहे. मग तो तुम्हाला शोधायला लागेल, आणि म्हणेल, हे कोण, यांची ओळख कुठे करून दिलेली नाही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “अघोषित संज्ञा. प्रकरण चौथं.” आणि मान डोलावून परत फाइलीत बघायला लागले. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी परत येऊन चिन्हं सरळ केली. दुपारी बाराला एक नंबरच्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडलं. आधी विभागाचं नाव आलं, मग खाली सरांचं, मोठ्या अक्षरात. सर येऊन बघून गेले, हात पाठीमागे बांधून, सत्यनारायणाच्या दर्शनाला यावं तसे.

“आता बाकी पस्तीसवर,” ते म्हणाले.

तयार झालेलं सॉफ्टवेअर एकावरून पस्तीसवर नुसतं उतरवलं असतं तर पंधरा मिनिटांत काम संपलं असतं. मी तसं म्हणालेही. पण अहवालात लिहिलं होतं की विद्यार्थी स्वतः कम्पाइल करतो. समिती एखाद्याला कुठल्याही मशीनवर बसवून करून दाखव म्हणाली तर. सरांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मी दोन नंबरच्या मशीनवर बसले, तीच फाइल, तीच आज्ञा. मशीन थांबली.

एररचा अर्थ असा होता: नव्याने बनवलेली फाइल मुळात आलेल्या फाइलींपेक्षा जुनी आहे. तुमचं घड्याळ तपासा.

मी हे दोनदा वाचलं. आत्ता बनवलेली वस्तू आधीपासून असलेल्या वस्तूपेक्षा जुनी कशी असेल, हे मला उमगेना. तीन नंबरवर गेले, तेच. चार, पाच, सहा, तेच. मी मोठ्याने म्हणाले, “घड्याळ तपासा म्हणते हा.”

लॅबमध्ये तेव्हा आमच्या मावशी होत्या. मावशी म्हणजे आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या बाई, जवळच्याच खेड्यातून सायकलीने येतात. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, झाडू भिंतीला टेकवला, स्टूल ओढलं आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

“सात मिनिटं मागं आहे, ताई,” त्या आपल्या फोनकडे पाहून म्हणाल्या. “कितीक दिसापासून मागंच आहे.” त्यांनी काटा पुढे केला, घड्याळ पदराने पुसलं आणि परत लावलं.

यानंतर मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी परत आज्ञा देऊन पाहिली.

तोच एरर आला. मावशी माझ्या खांद्यामागून बघत होत्या. “नाही आयकत काय?” त्या म्हणाल्या.

तेव्हा माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तिथे तारीख असते. तिथे दोन हजार नऊ सालचा एक जानेवारी होता. मी शेजारच्या मशीनवर पाहिलं, तिथेही तोच. मी उठून पूर्ण रांग बघत गेले. पस्तीस मशीनींवर दोन हजार नऊ सालचा पहिला दिवस चालू होता. फक्त एक नंबर आजच्या दिवशी होती, कारण तिचं आतलं बोर्ड मागच्या वर्षी बदललं होतं.

“मावशी, याची तारीख तर दोन हजार नऊची आहे.”

“सगळ्याईचीच आहे,” मावशी म्हणाल्या. “रोजच असते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच तं चालू करतो सकाळी. चालू केलं का काळा पडदा येते. त्यावर काईतरी लिहिते, अन् ते एफ वन दाबा म्हणते. मी दाबतो. मंग चालू होते.”

“पस्तीस मशीनींवर?”

“हाव ना. एक नंबर नाही मागत. बाकी सगळे मागतेत. तीन वर्षं झाले.”

मी खुर्चीवर बसले. मशीनच्या आत घड्याळासाठी रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना वेळ लक्षात ठेवायचं काम तो करतो. तो संपला की मशीन रोज सकाळी आपल्या जन्मतारखेवर उठते, काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार करते आणि पुढे जायचं तर एफ वन दाबा म्हणते. ही तक्रार तीन वर्षं पस्तीस मशीनींनी रोज केली होती, आणि ती वाचायला रोज फक्त मावशी हजर होत्या, ज्यांना इंग्रजी येत नाही.

“तुम्ही कोणाला सांगितलं नाही?”

“सांगतलं ना. आधीच्या सरायले सांगतलं, ते म्हणे दाबत जा. मी दाबत गेलो.”

खरं तर मी रोज साडेनऊला लॅबमध्ये येते. तोवर सगळ्या मशीन चालू असतात, स्वच्छ, नम्र, वाट बघत. कोपऱ्यातली तारीख मी कधी पाहिली नव्हती. तारीख मी फोनवर बघते. पगाराचा मेसेज तिथेच येतो.

आता काम सोपं वाटलं. पस्तीस मशीनींवर आजची तारीख हाताने टाकली. मग एकेक करून कम्पाइल केलं आणि सगळीकडे झालं. चार वाजता चौतीस मशीनींवर सरांचं नाव झळकत होतं, पस्तिसावीवर येत होतं, आणि लाइन गेली. त्या आठवड्यात आमच्याकडे दुपारी लाइन जायची. लाइट आली तेव्हा पस्तीस काळे पडदे एकदम उजळले, आणि मावशींनी काही न विचारता एका टोकापासून एफ वन दाबायला सुरुवात केली. परत दोन हजार नऊ.

सेल बदलणं भाग होतं. बुधवारी सकाळी मी स्टोअरमध्ये मागणीपत्र घेऊन गेले. स्टोअरचे बाबू शांत प्रकृतीचे, कुठल्याही वस्तूला नाही म्हणायला त्यांना अर्धं मिनिट लागतं.

“घड्याळाचे सेल, पस्तीस,” त्यांनी वाचलं. “कम्प्युटर विभागाले घड्याळाचे सेल काहून लागते? तुमच्या मजल्यावर घड्याळं किती आहेत?”

“दोन. पण हे मशीनच्या आतले.”

“मशीनच्या आत घड्याळ आहे?”

“आहे.”

“मग घड्याळ स्टॉक रजिस्टरमध्ये दाखवलेलं नाही. नसलेल्या घड्याळाचे सेल कसे देऊ?”

मी परत वर आले, नवीन मागणीपत्र घेतलं आणि त्यात लिहिलं: संगणक कालमापन ऊर्जास्रोत, पस्तीस नग. त्यावर सरांची सही घेतली. बाबूंनी ते वाचलं, आदराने बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “हे आपल्याकडे नाही राहत. बाहेरून आणा, मंजूर आहे.”

सीताबर्डीच्या बाजारात एक घड्याळ दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ आहेत, एका चपलेच्या दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी घेऊन बसतात. मी स्कूटर लावून त्यांच्याकडे गेले आणि पस्तीस सेल मागितले. त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं.

“पस्तीस घड्याळं एकाच दिवशी बंद पडली काय, बेटा?”

“बंद पडून वर्षं झाली. कळलं काल.”

“होते असं,” ते म्हणाले. त्यांनी पेटी उपसून एकेक सेल मीटरवर तपासून दिला. दोन त्यांनी बाजूला काढले आणि म्हणाले हे देणार नाही, महिनाभरात मान टाकतील. मला त्या क्षणी वाटलं की समितीने यांची तपासणी करावी आणि यांना आमचा विभागप्रमुख करावं.

दुपारी मी आणि मावशींनी मशीन उघडायला घेतल्या. मी झाकण काढायची, मावशी फडक्याने धूळ उचलायच्या. आत काय काय होतं. पालीची अंडी, खडूचे तुकडे, एका मशीनमध्ये कोणीतरी कोणालातरी लिहिलेली चिठ्ठी, जी मावशींनी मला वाचायला लावली आणि मग म्हणाल्या, “राहू द्या तिथंच.” सेल खाचेत घट्ट बसलेले होते. मी स्क्रूड्रायव्हरने एक उचकटायला गेले तर खाच तुटता तुटता वाचली. मावशींनी अंबाड्यातली पिन काढली, कडेला घातली आणि सेल टचकन वर आला. त्यानंतरचे सगळे सेल मावशींनीच काढले. साडेपाचला शेवटचं झाकण बसलं. मी मुख्य बटण बंद करून परत चालू केलं. एकाही मशीनने एफ वन मागितला नाही.

मावशी थोडा वेळ कीबोर्डजवळ बोट धरून उभ्या राहिल्या. “आता सकाळी मले काई काम नाही राहिलं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं की बरं, हे मला सांगता येणार नाही.

गुरुवारी समिती आली. तिघं होते. दोघा पुरुषांनी दारातूनच लॅब बघितली आणि आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते विचारलं. तिसऱ्या एक बाहेरगावच्या प्राध्यापिका होत्या, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्या आत आल्या, एकोणीस नंबरवर बसलेल्या एका मुलीला म्हणाल्या, कर बघू. मुलीने आज्ञा दिली. स्क्रीनवरून ओळी धावल्या आणि सॉफ्टवेअर उघडलं. सरांचं नाव आलं. प्राध्यापिकांनी ते वाचलं आणि सरांकडे वळल्या.

“छान. आता यात एखादी चूक मुद्दाम करू या. एरर आला की तो कसा वाचायचा, हे आपण मुलांना कसं शिकवता ते बघायला मला आवडेल. बसता का, सर?”

सर हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ओठ तेवढे बाजूला गेले. “ते काम आमचा टेक्निकल स्टाफ बघतो,” ते म्हणाले. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी बसले. मी एक स्वल्पविराम उडवला, कम्पाइल केलं, चाळीस एरर आले, सगळ्यात वरच्यावर बोट ठेवलं, स्वल्पविराम परत टाकला, चाळीसही गेले. दोन मिनिटांचं काम. प्राध्यापिकांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि त्या जेवायला गेल्या. समितीचा शेरा नंतर आला: प्रयोगशाळा समाधानकारक, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे लक्ष देणे आवश्यक. आमचं स्वच्छतागृह खरंच वाईट आहे, त्यामुळे समितीवर माझा थोडा विश्वास बसला.

मला राग आला होता, हे खरं आहे. ‘टेक्निकल स्टाफ’ म्हणजे मी, आणि तीन दिवस राबले तेव्हा त्यांना माझी आठवण नव्हती. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “खाणीतबी मॅनेजर पंपाजवळ येत नव्हता. भ्यायचा.” मला वाटलं बाबा आपले काहीही बोलतात.

आठवड्याभराने, मधल्या सुट्टीत, सर लॅबमध्ये आले. त्यांनी दार लोटून घेतलं. मावशी मागच्या रांगेत झाडत होत्या, त्यांच्याकडे पाहून ते थोडे थबकले, मग माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. डबा हातात होता, उघडला नाही.

“मॅडम, तुम्ही त्या दिवशी जे केलं. ते जरा दाखवता काय मला?”

“स्वल्पविराम?”

“सगळं. पहिल्यापासून.”

मला वाटलं परीक्षा घेतायत. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. बोटं डब्याच्या कडीशी खेळत होती.

“आमच्या वेळी आठ जणांत एक मशीन होतं,” सर म्हणाले. “मी मागे उभा राहायचो. पुढे बसायचे ते पुढेच बसायचे. मी पुस्तक पाठ केलं. पेपरात लिहायचंच होतं, करून दाखवायचं नव्हतं. पदक मिळालं, नोकरी लागली. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी करून पाहू. मग अठरा वर्षं झाली. आता विचारायचं कोणाला?”

आठवडाभर जपून ठेवलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. मी खुर्ची सरकवली आणि कीबोर्ड त्यांच्यासमोर केला.

सर टाइप दोन बोटांनी करतात. पहिली आज्ञा टाकायला त्यांना इतका वेळ लागला की मावशी रांग झाडून आमच्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “सर, पाय वर घ्या जरा.” सरांनी पाय वर घेतले आणि तसेच टाइप करत राहिले. पहिला प्रयत्न फसला. ते झटकन स्क्रीनच्या तळाला गेले आणि शेवटचा एरर वाचायला लागले.

“वरचा बघा, सर. पहिला. बाकी त्याच्यामुळे आलेले असतात.”

“पुस्तकात असं दिलेलं नाही.”

“नसेल.”

त्यांनी पहिला एरर मोठ्याने वाचला, शब्द सुटा सुटा करून. मग म्हणाले, “हे मशीन खराब आहे.”

“मशीन बरी आहे. तुम्ही फाइलचं नाव चुकवलंय.”

त्यांनी पाहिलं. एक अक्षर जास्त होतं. ते खोडताना त्यांचे कान लाल झाले. तिसऱ्या प्रयत्नात कम्पाइल झालं. दहा ओळींचा प्रोग्रॅम, दोन आकड्यांची बेरीज करणारा. सरांनी आकडे टाकले, बेरीज आली, बरोबर आली. त्यांनी आणखी दोन आकडे टाकले. मग आणखी. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ते बेरजा करत होते. जाताना डबा माझ्या टेबलावर विसरले. मावशी तो केबिनमध्ये देऊन आल्या.

त्यानंतर ते रोज यायला लागले, सुट्टीत, दार लोटून. महिनाभराने दार लोटणं बंद झालं. एक दिवस ते माझ्यासाठी एक अर्ज घेऊन आले. नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांना संध्याकाळच्या वर्गांत डिग्री करता येते, आमच्याच कॉलेजात. सरांनी शिफारशीच्या जागी आधीच सही करून ठेवली होती. “भरून टाका,” ते म्हणाले. “तुम्हाला हात आहे, पण थिअरी बिलकुल नाही.” हे वाक्य मला अपमानाचं वाटलं, आणि ते खरं होतं.

तर आता आठवड्यातून तीन संध्याकाळी मी बाकावर बसते आणि सर मला कम्पायलर शिकवतात, त्याच वाजणाऱ्या वहीतून. सर चांगलं शिकवतात असं मी म्हणणार नाही. मधल्या बाकावर बसलं तर झोप लागते, म्हणून मी पुढे बसते. मागच्या तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं की कम्पायलर वाक्याचे तुकडे पाडताना जो तक्ता वापरतो, तो कसा तयार करतात. मला करून दाखवता आलं असतं, सांगता आलं नाही. सरांनी दोन मिनिटं वाट पाहिली, खिशातलं पेन काढलं आणि तीन गुण कापले. बरोबर कापले. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन तो तक्ता समजावून घेतला, आणि त्यांनी तो फळ्यावर इतक्या सावकाश काढला की मला तो आजही पाठ आहे.